स्कॅनआधीच्या बैठका

आमचे मानसिंगतात्या सुभेदार होऊन निवृत्त झाले, पण कोरेगावात आल्यावरही त्यांची फौज काही सुटली नाही. पहाटे जोर, बैठका, मग गल्लीतल्या पोरांची हजेरी. गेल्या वर्षी त्यांना मूत्रपिंडाचा कॅन्सर निघाला, तोही फुफ्फुसात पोचलेला. पहिल्या स्कॅनमध्ये छातीत चार काळे ठिपके होते. तीन महिने गोळ्या झाल्या. त्या लागू पडल्या का, हे बघायला तात्या, त्यांची बायको लीलाकाकी आणि मी सांगलीला दुसऱ्या स्कॅनला गेलो.

या स्कॅनला शिरेतून साखरेसारखं औषध सोडतात. शरीरात जिथं साखरेची भूक जास्त, तिथं फिल्मवर काळं उमटतं. एवढं विज्ञान मला येतं, म्हणून फिल्म आधी मीच उजेडाला धरली. खांदे काळे, दंड काळे, मांड्या काळ्या. मी फिल्म घाईनं खाली घेतली.

"काय रं, गप का झालास?" तात्यांनी विचारलं.

"न्हाई... फोटो जरा भरगच्च आलाय."

"पसरलंय व्हय सगळीकडं?"

त्यांचा आवाज कापताना मी पहिल्यांदाच ऐकला. लीलाकाकी भिंतीला टेकून खाली बसली.

डॉक्टरांनी फिल्म पाहिली. "व्यायाम केला होता का?"

"आज पहाटे शंभर जोर, दोनशे बैठका. मेडिकलला ढिलं अंग घिऊन कोण जातं, साहेब?"

"सूचनांचा कागद वाचला नाही?"

"उपाशी यायचं, एवढंच वाचलं."

"आवं, हितं काय भरती हुती?" काकी कडाडली.

"हे कॅन्सरचं नाही, दमलेल्या स्नायूंचं काळं आहे," डॉक्टर म्हणाले. मी हसलो. ते हसले नाहीत. "पण शिरेतून सोडलेलं औषध स्नायूंनीच ओढून घेतलं. छातीतले ठिपके फिके दिसताहेत. ते गोळ्यांनी की औषध कमी पोचल्यानं, मला सांगता येणार नाही. आठ दिवसांनी पुन्हा करू. तोवर बादलीसुद्धा उचलायची नाही."

आठ दिवस तात्या ओट्यावर बसून राहिले. पोरं हाका मारत, ते ओ देत नसत. पाचव्या दिवशी मला म्हणाले, "गोळ्या चालत नसल्या, तर फुडं काय हाय रं?" एरवी माझी जीभ फार चालते. मी चहा आणायला आत गेलो.

पुन्हा स्कॅन झालं. या वेळी फिल्मचं पाकीट त्यांनी माझ्या हातात दिलंच नाही. नाव पुकारलं. तात्या डॉक्टरांच्या दारापर्यंत गेले आणि थांबले.

"लीला," ते हळूच म्हणाले, "तू फुडं हो."