पंच मास्तरांचा शेवटचा बाक

पंच मास्तर वाटेल त्याच्या घरचं पाणी पीत नसत. ओल्या फडक्यात गुंडाळलेली बाटली कायम खांद्याला. विचारलं तर म्हणायचे, "घसा नाजूक आहे." आमच्याकडे मात्र चहा दोनदा मागून घ्यायचे, तेव्हा घसा कसा बरा व्हायचा कोण जाणे.

शाळेतली नोकरी सगळी म्हसळ्याकडे झाली; निवृत्तीनंतर ते अलिबागजवळ आमच्या गावात येऊन राहिले. आमची ख्रिस्ती मंडळी लहान, पन्नास-साठ डोकी. पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, महिन्यातून दोनदा येणार, म्हणजे एरवी मास्तरांचंच राज्य. मंडळीचा कारभार बघणारे आम्ही पाच पंच; त्यांत ते थोरले, मी चिटणीस. दफनभूमीच्या फाटकाची चावी त्यांच्या कनवटीला. उपासनेला कोण उशिरा आलं, कुणाच्या मुलाच्या तोंडाला वास येतो, सगळी खबर त्यांना. "नियम सगळ्यांना सारखा," हे पालुपद. त्यांच्याच आजोबांना एके काळी गावच्या विहिरीवर चढू देत नसत, हे आम्हाला ठाऊक होतं. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण?

प्रभुभोजनाच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला घेण्याच्या, आदल्या शनिवारी आमच्यात तयारीची उपासना असते. एकेकानं उभं राहून सांगायचं, माझं कुणाशी वैर नाही. असेल तर ते मिटेपर्यंत प्याल्याला हात लावायचा नाही. मास्तर दर वेळी पहिले उठत आणि ताठ मानेनं ते वाक्य म्हणून खाली बसत.

सोनाबाई खाडीपलीकडच्या कातकरवाडीतली, खेकडे विकणारी. तिनं बाप्तिस्मा घेतला तेव्हा मास्तरांनी टाळ्या वाजवल्या आणि तिला शेवटचा बाक दाखवला. "दाराशी वारा चांगला लागतो," म्हणाले. मी ते ऐकलं, आणि खरं सांगते, मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तिची सात वर्षांची मंगी तापानं गेली. वाडीतल्यांनी तिला तिथे पुरू दिलं नाही. देव बदललास, आता त्याच्याकडेच जा, म्हणाले. सोनाबाई पोरीला लुगड्यात गुंडाळून सकाळीच चर्चच्या पायरीवर आली. पाळक परगावी. आम्ही पाच पंचांनी उभ्या उभ्याच सभा केली. मास्तर म्हणाले, "मुलीचा बाप्तिस्मा झालेला नाही. आत जागा देता येत नाही." पाच हात वर झाले. त्यांत एक माझा. मंगीला कुंपणाबाहेर, खाडीच्या अंगाला पुरलं. पावसाळ्यात मोठं उधाण आलं, काठ खचला, आणि पोरीची खूणसुद्धा राहिली नाही.

त्यानंतरच्या तयारीच्या शनिवारी सोनाबाई सगळ्यांच्या आधी उठली. "माजा वैर हाय," ती म्हणाली. "मास्तराशी हाय. उद्या मी प्याला घेनार न्हाय." एवढं बोलून बसली. ना रडली, ना ओरडली.

मग मास्तर उठले. आम्हाला वाटलं, आता हिची खैर नाही. पण नेहमीचं वाक्य काही बाहेर येईना. शेवटी म्हणाले, "ही देवासमोर खरं बोलली. मी जन्मभर खोटं बोललो. मुंबईच्या पाहुण्यांचं बाळ गेलं होतं, त्याचाही बाप्तिस्मा नव्हता. त्याच्यासाठी मीच कुलूप काढलं. मंगीला मी नियमानं नाही अडवलं. ती कातकऱ्याची म्हणून अडवलं." त्या बाळाचं आम्हा बाकीच्या चौघा पंचांनाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चावी पाळकांच्या हातात दिली आणि शेवटच्या बाकावर सोनाबाईशेजारी जाऊन बसले. दोघांनीही प्याला घेतला नाही. पुढे दर वेळी हेच. दर शनिवारी ते वाडीवर जात. पहिल्याच फेरीत तिनं तांब्याभर पाणी पुढे केलं, ते प्यायले. माफ केलंस का, असं विचारल्यावर ती म्हणाली, "तू उनातनं आलास म्हनून पानी दिला. माफी येगळी." हे मला मास्तरांनीच सांगितलं. "मी स्वतःला इतका चांगला समजत होतो," म्हणाले, "की ख्रिस्ताची मला गरजच पडली नव्हती. आता पडली."

आम्हा चौघांच्या दारीही ते आले. "चला, सगळे मिळून तिच्याकडे जाऊ." मी चिडले. म्हटलं, "मास्तर, तुम्ही सांगितलंत म्हणून हात वर केला. माझ्या मनात तसलं काही नव्हतं." "मीही असंच म्हणायचो," ते म्हणाले आणि चपला घालून निघून गेले.

दोन वर्षांनी त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाळक घरी येऊन प्रभुभोजन द्यायला तयार होते. मास्तरांनी वाकड्या झालेल्या तोंडानं नको म्हटलं. सोनाबाईचा होकार आल्याशिवाय नको. ते तसेच गेले. माझा जीव तुटला, कारण शाळेबाहेर मला कुणी मास्तर भेटला असेल तर तो हाच.

दफनाला सोनाबाई आली होती. तिनं मूठभर माती टाकली. परतताना मी शहाणपणानं म्हटलं, "सोनाबाई, आता तरी माफ कर गं त्यांना."

"केली," ती म्हणाली. "परवा सांगाया गेले व्हते. तवा त्याला आयकाया येत नव्हता." मग माझ्याकडे वळली. "पन बाई, त्या दिशी पायरीवर तुमी पाच जन व्हते. तो एकलाच आला."

या गोष्टीला आता वर्ष होईल. खाडीवरचा साकव ओलांडला की वाडी माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर आहे. मी अजून गेलेली नाही.