चाचांनी आणलेलं प्रवाळ
कपाट आवरताना चिंधीत गुंडाळलेला प्रवाळाचा पांढरा तुकडा हाती लागला. घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली, म्हणून जहाजावर नोकरी करणाऱ्या शेजारच्या चाचांनी तो कच्छच्या समुद्रातून खास माझ्यासाठी आणला होता. तेव्हा मी तो कॉलेजच्या प्रदर्शनात मांडला, तर सर म्हणाले, “तिथलं प्रवाळ काढायला सरकारची बंदी आहे. ज्यांनी दिलं त्यांना परत कर.” संध्याकाळी मी तो चाचांसमोर ठेवला आणि सरांचं म्हणणं सांगितलं. गल्लीतल्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, खडखडाटावर आवाज चढवून चाचा म्हणाले, “दिलेली भेट परत घेऊ? सरकारला विचार बेटा, दर्यात नेऊन कुठं चिकटवू हा?” चाची हसली, पण चाचांचा चेहरा उतरला होता. मी तुकडा गुपचूप घरी आणला आणि सरांना ‘परत केला’ म्हणून सांगितलं. चुकलं कुणाचं, ते तेव्हा कळलं नाही. आजही मी तो पुन्हा चिंधीतच गुंडाळला.