मान जमली नाही

“मान जमली नाही,” असं मावशी म्हणायची आणि अंगठ्याने मातीची बाहुली दाबून टाकायची. झालं. दुपारभराच्या कामाचा पुन्हा गोळा.

मोहाडीत आमच्या घराला लागूनच तिचं अंगण. मी तिला मावशी म्हणायचे. भुलाबाईच्या दिवसांत तिच्याकडे माती मळायला जायचे. बाजारासाठी भुलोजी-भुलाबाईच्या मूर्ती करून झाल्या, की उरलेल्या मातीतून ती स्वतःसाठी एकच बाई करायची. वीतभर उंच. डोळे नाहीत, नाक नाही, हातसुद्धा पदरात गेलेले. पण तुम्ही पाहिली असती, तर तुम्हालाही कळलं असतं की हिचं कोणीतरी लांब चाललं आहे.

ती बाई म्हणजे मावशीची लेक. लग्न होऊन दिघोरीला जाताना गाडीत बसण्याआधी लेकीने एकदाच वळून पाहिलं होतं. ते वळणं मावशीला मातीत हवं होतं.

“मावशे, हे तरी ठेव वं,” एकदा धीर करून मी म्हटलं.

“कायले? हे रडून राहिली. माही पोरगी रडली नव्हती.”

“तोंडच नाही तिले, रडते कुठून?”

“खांद्यानं.”

मी वाकून पाहिलं. खरंच रडत होती. तोवर मावशीचा अंगठा पडलाही. असा राग यायचा! मातीतले खडे वेचून माझी बोटं सोलून निघायची आणि ही एका दाबात सगळं मोडायची. तोंडाने काही बोलणं मला जमायचं नाही, मग मी मातीलाच बुक्क्या मारायचे.

“मार, अजून मार,” ती हसायची. “तुया रागानं माती मऊ होते.”

गेल्या वर्षी तिला दवाखान्यात नेलं, तेव्हा मातीची एक बाई ओल्या पोत्याखाली अर्धी राहिली होती. “पाणी मारत जाजो. सुकू नोको देऊ. मान बाकी हाय,” एवढं सांगून गेली. परत आली नाही.

मी रोज पाणी मारत राहिले. तेरवीला लेक आली, तेव्हा पोतं उचलून तिला दाखवलं. “पाह्य, तूच होय हे.”

ती बाईसमोर उकिडवी बसली.

“मी नाही वं. माय होय हे. मी वळून पाहिलं ना, तवा दारात अशीच उभी होती.”

हे ऐकायला मावशी हवी होती. मला ते ऐकायला नको होतं.

लेक म्हणाली, सुकली की नेईन. त्या दिवसापासून मी पाणी मारलं नाही. सुकता सुकता मानेवर बारीक भेग गेली. ओल्या बोटाने बुजली असती. मी बोट ओलं केलं, भेगेपाशी नेलं. पण मान मावशीची बाकी होती, माझी नाही. बोट पदराला पुसलं.