असिरियाच्या राजाची दाढी

नॉटिंगहॅममध्ये शिशाचे इवलेसे सैनिक रंगवणारे गल्लोगल्ली सापडतील, पण काळी दाढी म्हटली की विल्फ ओल्डरशॉच. सैनिक अंगठ्याएवढा, त्याची दाढी तांदळाच्या दाण्याएवढी. नुसता काळा रंग फासला तर तोंडाला डांबर लागल्यासारखं दिसतं, आणि उजेडाच्या रेघा जास्त ओढल्या तर जवान शिपायाचा आजोबा होतो. यातली मधली वाट आपल्या एकट्यालाच सापडलीय असं विल्फला वाटायचं, आणि सैनिक रंगवणाऱ्यांच्या क्लबातल्या मंडळींनी ते त्याला वर्षानुवर्षं वाटू दिलं.

मग त्याच्या बायकोनं, डोरीननं, ब्रश हातात घेतला. शिकवलं त्यानंच, मोठ्या कौतुकानं. गुरूची विद्या गुरूला फळली. यंदाच्या प्रदर्शनात क्लब असिरियाची लढाई मांडणार होता. मधोमध रथात राजा, आणि राजाला छातीभर काळी दाढी. क्लबचा चिटणीस क्लेम राजाची डबी घेऊन घरी आला. विल्फनं हात पुढे केला, तर क्लेमनं डबी डोरीनकडे दिली.

"तू मागचे भालेवाले घे रे विल्फ," क्लेम म्हणाला. "राजा डोरीनकडे. घरातल्या घरात हेवा नाही ना वाटणार?"

"मला कसला हेवा?" विल्फ म्हणाला. त्यानंतर आठवडाभर डोरीनच्या प्रत्येक सूपमध्ये त्याला मीठ जास्त लागलं.

राजा रंगवून झाला, आणि डोरीन कपडे वाळत घालायला परसात गेली. विल्फनं लगेच भिंग लावलं. त्याला खोट हवी होती. दाढी काळीच होती, पण जिवंत होती. वारा आला तर हलेल अशी. एवढी चांगली दाढी त्याच्या हातून कधीच उतरली नव्हती, आणि ते त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळणार? शेवटी खालच्या ओठाखाली तीन-चार तांबडे केस दिसले, आणि गडी खूश झाला. त्यानं आपला निळसर काळा रंग कालवला आणि ते केस बुजवून टाकले.

डोरीन आत आली. तिचं लक्ष आधी गेलं कपाकडे.

"तुझ्या चहात काळं तरंगतंय, विल्फ."

घाईत त्यानं ब्रश पाण्याऐवजी चहात बुडवला होता. या छंदात हे सगळ्यांचंच होतं, पण चोरून काम करणाऱ्यानं तरी जपावं. डोरीननं राजा उचलून पाहिला.

"चूक होती ती," विल्फ म्हणाला. "असिरियाच्या राजाला तांबडे केस कुठले?"

"राजाला नसतील. तुला होते."

"मला? माझी दाढी काळीभोर होती."

"आरशात तशीच दिसायची. ओठाखाली चार केस तांबडे होते. अगदी जवळ आलं की दिसायचे." डोरीन खुर्चीत बसली. "क्लेम मला विचारतो, काळ्या दाढ्या तुला इतक्या कशा जमतात. त्याला काय सांगू? मला एकच दाढी येते. सगळ्यांना तीच लावते."

विल्फचा हात हनुवटीकडे गेला. तिथं पांढरे खुंट होते. बायकोच्या हाताचा हेवा कुठल्या कुठे गेला, आणि एकेकाळच्या त्या काळ्या दाढीवाल्या पोराचा हेवा वाटू लागला, ज्याला कुणी इतक्या जवळून पाहत होतं आणि त्याला पत्ताही नव्हता.