बाईंचा स्टार्टर

आमच्या डॉक्टरीणबाई मोटार सपाटीवर उभी करत नसत. कुणाच्या दारी गेल्या की आधी उतार शोधायच्या, गाडीचं तोंड खालच्या बाजूला करायच्या, पुढच्या चाकाला धोंडा लावायच्या आणि मगच बॅग उचलायच्या. घर उतारापासून लांब असलं तर तेवढं चिखलातून चालायच्या. लोणावळ्यात हवा खायला आलेली माणसं हे पाहून हसायची. जुन्यांना कारण ठाऊक होतं. गाडी चालू करायला पुढून हँडल फिरवताना एकदा इंजिनानं उलटा झटका दिला, त्यात बाईंचं उजवं मनगट मोडलं आणि हँडल अडकायचा दातही तुटला. मनगट जुळलं, पण वाकडं. राहिला स्टार्टर, म्हणजे बटण दाबलं की इंजिनाला पहिला फेरा देणारी छोटी मोटर. तो लढाईच्या दिवसांत बंद पडला आणि नवा कुठं मिळेना. तेव्हापासून उतारावर सोडायची, वेग आला की गियर टाकायचा, अशी आमची मोटार चालू व्हायची.

मी परंदवडीची. नवरा गेल्यावर सुईणीचं काम शिकले आणि बाईंच्या हाताखाली राहिले. बाईंचा दवाखाना म्हणजे त्यांचाच बंगला. पुढच्या खोलीत औषधं, मागच्या खोलीत खाटा. त्या कुठलीही गोष्ट एकदाच सांगत. दुसऱ्यांदा विचारलं तर रागवत नसत, नुसत्या बघत. ते बघणं टाळायला मी पहिल्यांदाच नीट ऐकायला शिकले. कौतुकही त्यांच्या तोंडून फारसं निघत नसे. एखादं अवघड बाळंतपण सुखरूप पार पडलं, घरची माणसं पाया पडायला लागली की त्या म्हणायच्या, "काशी, गरम पाणी आण, हात धुवायचेत." एवढ्यावर विषय संपायचा.

श्रावणात एका दुपारी मळवलीच्या फाटकापलीकडच्या वाडीतून माणूस धावत आला. चिमी नावाची पहिलटकरीण आदल्या दिवसापासून अडली होती. आम्ही गेलो. तिथं सगळी भाताची खाचरं, उतार म्हणून नाहीच. बाईंनी इकडंतिकडं पाहिलं आणि मोटार बांधाशेजारी सपाटीवरच उभी केली. मूल झालं, मुलगी, चांगली रडली. पण चिमीचं रक्त थांबेना. होतं तेवढं सगळं करून झाल्यावर बाई म्हणाल्या, "दवाखान्यात न्यायला हवी. उचला."

चिमीला घोंगडीत घालून मागच्या सीटवर निजवलं. सासू मुलीला पदराखाली घेऊन पायाशी बसली. बाईंनी बटण दाबलं. खट्ट झालं आणि थांबलं. पुरुषांनी मागून रेटा दिला, पण चिखलात चाकं फिरेचनात, नुसती घसरत होती. कुणीतरी बैल आणायला पळालं. बैल जुंपून गाडी रस्त्यावर ओढली, तेव्हा कुठं इंजिन लागलं. वळवणच्या अलीकडं चिमी गेली. मी मागं वळून तिचा हात धरला होता, त्यामुळं मला आधी कळलं. बाईंनी आरशातून माझ्याकडं पाहिलं आणि गाडी हळू केली.

सासू रडली नाही. दवाखान्याच्या पायरीवर बसून ती बाईंना म्हणाली, "बाई, तुमी आलात हेच लय झालं. गाडीला बोल लावू नगा. लोखंड हाय ते."

बाई आत गेल्या. मी हात धुवायला पाणी नेलं तर त्या तशाच उभ्या होत्या. मी म्हटलं, "बाई, ती वाचली नसतीच."

"नसती वाचली कदाचित," त्या म्हणाल्या. "पण ते मला ठाऊक नाही. आणि आता कधी कळणारही नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या तुंगार्लीला एका शेठच्या बंगल्यावर गेल्या. शेठची अगदी तशीच मोटार होती. पेट्रोलवर रेशन आल्यापासून ती विटांवर चढवलेली आणि इंजिन उतरवून गोणपाटावर ठेवलेलं. शेठ मोकळ्या मनाचे होते. म्हणाले, "न्या की. सध्या माझी मोटार कोंबड्यांच्या ताब्यात आहे." इंजिन बाहेरच असल्यानं स्टार्टर लगेच सुटला. अवघड होतं ते आमच्या गाडीतला काढणं. तो दोन बोल्टांवर धरलेला असतो. खालचा गाडीखाली निजलं की दिसतो. वरचा मात्र इंजिन आणि मागच्या पत्र्याच्या सांदीत. तिथं डोळा पोहोचत नाही, हातही जात नाही.

मिस्त्री आला. त्यानं वरून, खालून, बाजूनं हात घालून पाहिला आणि कोपर सोलून घेतलं. म्हणाला, "बाई, माझा पंजा जात न्हाई. इंजिन उतरवावं लागंल, आन ते उचलायची साखळी-कप्पी हितं कुणाकडं न्हाई, शेठनी बाहेरून आणवली व्हती. रेल्वेवाले द्यायचे न्हाईत."

"तुमचा जात नाही ना," बाई म्हणाल्या. "पाना कसा धरायचा ते सांगा."

मिस्त्री चांगला माणूस. हसला नाही. त्यानं एक पाना भट्टीत लाल करून हव्या त्या कोनात वाकवून आणून दिला आणि बोल्ट कोणत्या बाजूला सैल होतो ते स्वतःच्या मुठीवर दाखवलं. बाईंनी बॅटरीची तार सोडली, पदर खोचला, डाव्या हाताला कोपरापर्यंत खोबरेल चोळलं आणि तो हात सांदीत घातला. मनगट मोडल्यापासून सगळं नाजूक काम त्या डाव्या हातानंच करत. मी गाडीखाली गोणपाटावर उताणी. बोल्ट सुटल्यावर स्टार्टरचं वजन माझ्यावर येणार म्हणून छातीवर गोधडीची घडी.

बाईंनी डोळे मिटले होते, असं मिस्त्रीनं मागाहून सांगितलं. पायाळू मूल चाचपताना त्या असेच मिटत. बराच वेळ नुसता पाना घसरल्याचा आवाज येत होता. एकदा बाईंच्या तोंडून "आई गं" निघालं आणि माझ्या गालावर रक्ताचा थेंब पडला. मी म्हटलं, "बाई, र्‍हाऊ द्या आता."

"सापडलाय," वरून आवाज आला. "बोलू नकोस."

बोल्ट सुटला तो करकरत. स्टार्टर माझ्या छातीवर आला, माझा श्वासच अडकला. पण धरला.

शेठचा स्टार्टर बसवणं त्याहून कठीण गेलं. तो मी खालून तोलून धरायचा आणि बाईंनी न बघता वरच्या भोकात बोल्ट लावायचा. माझे हात भरून आले की बाई म्हणत, "खाली घे. दम खा." पुन्हा वर. दिवस मावळायच्या आत बसला एकदाचा. बाईंनी बटण दाबलं. आतून नुसता भुर्र आवाज आला, इंजिन हललंदेखील नाही.

मिस्त्रीनं विचारलं, "बाई, स्टार्टरच्या दातेरी चाकाला वंगण लावलं व्हय?"

"भरपूर."

"त्याला लावायचं नसतं. चाक चिकटून बसतं, पुढं सरकून इंजिनात अडकत न्हाई."

मला वाटलं, आता बाई सोडून देतील. त्यांच्या बोटांची सालं निघाली होती. फूटबोर्डवर बसून त्यांनी बोटांना फडकं गुंडाळलं. मग म्हणाल्या, "चूक माझी. उद्या पुन्हा."

दुसऱ्या दिवशी तेच सगळं पुन्हा केलं. दातेरी चाक रॉकेलनं धुऊन कोरडं केलं. बटण दाबताच इंजिन असं लागलं की मी गाडीखालून सरपटत बाहेर पळाले. मिस्त्रीनं टाळ्या वाजवल्या. बाई म्हणाल्या, "काशी, गरम पाणी आण."

पुढच्या वर्षी त्याच वाडीतून बोलावणं आलं. चिमीच्या धाकट्या जावेचे दिवस भरले होते. घरातले पुरुष बाईंना बोलवायला कचरत होते, पण सासूनं हट्ट धरला, "त्याच बाई पायजेत." चिमीची मुलगी अंगणात रांगत होती. बाई तिला ओलांडून आत गेल्या आणि कळा नीट येत आहेत हे पाहून बाहेर आल्या. मोटार बांधाशेजारी सपाटीवर उभी होती. बाईंनी बटण दाबलं, इंजिन लागलं. त्यांनी लगेच बंद केलं.

सासू घाबरून दारात आली. "बाई, निगालात व्हय?"

"नाही. लागते का, ते ऐकलं."

त्या दिवशी मोटारीची गरज पडली नाही. मुलगा झाला, आई सुखरूप राहिली. 

लढाई संपली, पेट्रोलवरचं रेशन उठलं. बाईंनी शेठला स्टार्टर परत न्यायला सांगितलं, तर ते मोटारच विकून मोकळे झाले होते. मग बाईंचं मनगट धरायला लागलं, पुढं डाव्या हाताची बोटंही आखडली. एक दिवस टाका घालताना सुई सुटली. त्यांनी ती माझ्या हातात दिली, बाजूला झाल्या आणि त्या महिन्यात दवाखाना बंद केला. भावाकडं साताऱ्याला जायचं ठरलं. स्टेशनवर मी एकटीच पोहोचवायला गेले होते. औषधांची बॅग त्यांनी माझ्याकडं दिली होती.

मी म्हटलं, "बाई, माझ्यानं जमेल का?"

बाई म्हणाल्या, "पुष्कळ जमेल. जिथं जमणार नाही तिथं जमत नाही म्हण, आणि लवकर म्हण. लोक नावं ठेवतील, ठेवू देत."

वर्षभरात त्या वारल्याचं कळलं.

पुढं मावळातल्या किती घरांत मी ते म्हटलं, याचा हिशेब नाही. "माझ्यानं होत न्हाई, आत्ताच्या आत्ता तळेगावच्या दवाखान्यात न्या." लोकांनी नावं ठेवली. सोमाटण्याच्या एका सासऱ्यानं तर मला दारातून हाकललं, "येत न्हाई तर आलीस कशाला?" आणि तरीही रागारागानं बैलगाडी जुंपली. त्याची सून वाचली. तो म्हातारा शेवटपर्यंत माझ्याशी बोलला नाही.