काकूंना शिकवलेला ब्लॅकजॅक

बावीस वर्षांची असताना मी घरी खोटं बोलून नोकरी धरली. आईवडिलांना सांगितलं, लंडनच्या वेस्ट एंडमधल्या एका हॉटेलात रिसेप्शनवर लागले आहे. खरं तर तो कॅसिनो होता, आणि मी तिथे पत्ते वाटणारी डीलर व्हायला शिकत होते. संध्याकाळच्या पेपरात जाहिरात होती: गणित बरं हवं, बोटं चपळ हवीत. ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं, पदवी घेऊन वर्ष झालं होतं आणि माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. वडील हॉस्पिटलात डॉक्टर, आम्ही राहायचो त्या एजवेअरमधल्या मराठी घरांत त्यांचा शब्द चालायचा. मुलगी जुगाराच्या टेबलावर उभी राहते हे त्यांना सांगायची माझी छाती नव्हती.

प्रशिक्षण सहा आठवड्यांचं होतं. रोज घरी सराव करा, म्हणायचे. पण घरी पत्ते काढायची सोय नव्हती. म्हणून मी काकूंकडे गेले.

काकू म्हणजे वडिलांच्या मित्राची बायको. काका भूलतज्ज्ञ, सकाळी सातला घर सोडणारे. दोन्ही मुलं युनिव्हर्सिटीत. काकू स्वतः पुण्याहून गणितात बीएस्सी झालेल्या, पण इंग्लंडमध्ये येऊन वीस वर्षांत त्या गणिताचा उपयोग म्हणाल तर महाराष्ट्र मंडळाच्या जेवणाला किती किलो श्रीखंड लागेल एवढाच. मंडळाच्या सहलीत मेंढीकोट खेळताना मात्र त्यांच्या विरुद्ध बसायला कुणी तयार नसायचं. कुणाच्या हातात काय उरलंय हे त्यांना पाठ असायचं.

त्यांना मी सगळं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "पत्ते आणलेस का?"

त्यानंतर रोज दुपारी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर आमचा कॅसिनो लागायचा. राजम्याचा दाणा पाच पौंडांचा, चवळीचा एक पौंडाचा. मी ब्लॅकजॅकचे नियम सांगत गेले. खेळ प्रत्येकाचा फक्त डीलरशी. चित्राचं पान दहाचं, एक्का एकाचा किंवा अकराचा, जसा सोयीचा पडेल तसा. बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, पण एकवीस ओलांडली की बुडालात. डीलर स्वतःचं एक पान उघडं ठेवतो, पुढची पानं सगळ्यांचं झाल्यावर घेतो. त्याला अक्कल वापरायची मुभाच नाही. सोळापर्यंत पान घ्यायचंच, सतरा झाले की थांबायचंच.

"आणि तूही बुडालीस तर?" काकूंनी विचारलं.

"मी बुडेन नंतर. तुम्ही आधी बुडालात की तुमचे पैसे मी तेव्हाच उचललेले असतात."

काकूंनी हातातलं पान खाली ठेवलं. "म्हणजे कॅसिनोची सगळी कमाई यातच आहे. पाहुण्याने आधी जेवायचं आणि विष असलं तर आधी मरायचं."

प्रशिक्षणात हे कळायला आमच्या तुकडीला आठवडा लागला होता.

मग डाव वाढवायचे प्रकार. पहिल्या दोन पानांची बेरीज नऊ, दहा किंवा अकरा असेल तर पैज दुप्पट करता येते, पण मग एकच पान मिळतं. सारखी दोन पानं आली तर ती फोडून दोन डाव करता येतात, पण आमच्याकडे चौके, पंजे आणि दहाची पानं फोडायला बंदी होती. डीलरचा एक्का उघडा असेल तर विमा घेता येतो, मात्र ज्याला स्वतःला पहिल्या दोन पानांतच एकवीस मिळाले आहेत त्यालाच.

"छान! ज्याचं बरं चाललंय त्याला विमा, आणि ज्याचं घर जळतंय त्याला नाही," म्हणत काकू खळखळून हसल्या. त्यांना इतकं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. माझी बेरीज चुकली की त्या "अगं!" म्हणायच्या आणि मी पुन्हा मोजायचे. परीक्षेत मी पहिली आले.

नोकरी लागल्यावर दोन-तीन महिन्यांनी काकू म्हणाल्या, "एकदा बघायचंय गं. खरी माणसं कशी खेळतात ते."

मी नको म्हणायला हवं होतं. म्हणाले नाही. उलट सगळं समजावून सांगितलं: आधी स्वतः येऊन सभासदाचा फॉर्म भरायचा, मग दोन दिवस थांबायचं, मगच खेळता येतं. आणि हेही सांगितलं की डीलरच्या ओळखीचं कुणी टेबलावर आलं तर डीलरने लगेच इन्स्पेक्टरला, म्हणजे टेबलांवर नजर ठेवणाऱ्या वरिष्ठाला, सांगायचं असतं. "म्हणून माझ्या टेबलावर बसू नका."

सुरुवातीला त्या बसल्याही नाहीत. आठवड्यातून एक दुपार यायच्या, काळा कोट, केसांचा अंबाडा, दुसऱ्या कोपऱ्यातल्या टेबलावर तासभर खेळून ट्यूब रेल्वेने घरी. घरखर्चातून वाचवलेल्या पंधरा-वीस पौंडांपलीकडे कधी गेल्या नाहीत. मला वाटायचं, मी एका बाईला तिची हौस मिळवून दिली. त्याचा मला अभिमानच वाटत होता.

त्या दिवशी पावसामुळे दोनच टेबलं उघडली होती, आणि दुसरं भरलेलं होतं. काकू माझ्यासमोर येऊन बसल्या. माझ्या मागे इन्स्पेक्टर उभा. मी तेव्हाच वळून सांगायला हवं होतं. एक वाक्य. ते वाक्य माझ्या तोंडात होतं. पण सांगितलं की विचारणार, ओळख कशी, किती दिवसांची, आणि नवीन डीलर म्हणून माझ्यावर नजर राहणार. मी पानं वाटली.

अर्धा तास बरा गेला. मग एका डावात काकूंना अकरा आले. त्यांनी पैज दुप्पट केली, आठचं पान आलं, एकोणीस. माझं उघडं पान सहा. मी घेत गेले: पाच, एक्का, दोन, सात. एवढी लांब रांग मला नेहमी गोंधळात टाकायची. मी बावीस मोजले, बुडाले असं जाहीर केलं आणि पैसे द्यायला लागले. पहिल्या माणसाला दिले. काकूंच्या पुढ्यात जिंकलेल्या पैशांच्या चिप्स ठेवल्या.

"अगं," काकू अगदी सहज म्हणाल्या, "एकवीस झाले तुझे."

मराठीत. आपल्या जेवणाच्या टेबलावर बसल्यासारखं.

डीलर आणि खेळणाऱ्यात साटंलोटं नको म्हणून टेबलावर इंग्रजीशिवाय दुसऱ्या भाषेत बोलायला सक्त मनाई होती. इन्स्पेक्टर पुढे आला. त्याने पानं मोजली, चिप्स परत घ्यायला लावल्या, आणि मला विचारलं, "ह्या बाईंना तू ओळखतेस?"

"नाही," मी म्हणाले.

"काय म्हणाल्या त्या?"

"माहीत नाही. मला ती भाषा येत नाही."

काकू माझ्याकडे पाहत होत्या. त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी फक्त एकदा मान हलवली, लहान मुलाला 'असू दे' म्हणतो तशी, आणि इन्स्पेक्टरला इंग्रजीत म्हणाल्या, "मला स्वतःशी बोलायची सवय आहे. ही मुलगी कोण, मला ठाऊक नाही."

त्यांना ऑफिसात नेलं. पाऊण तासाने दोन माणसं त्यांना दारापर्यंत सोडायला आली. ती दोघं दोन बाजूंना आणि मधे काकू, कोटाची बटणं लावत. मी दुसऱ्या टोकाला उभी राहून पत्ते पिसत होते.

सभासदत्व रद्द केल्याचं पत्र त्यांच्या घरी गेलं, आणि ते काकांनी उघडलं. आठवड्याभरात अख्ख्या एजवेअरला कळलं. आमच्याकडे जेवताना आई म्हणाली, "एवढी शिकलेली बाई, आणि कॅसिनोत! कुणी नादाला लावलं असेल?"

वडील म्हणाले, "ती सांगतच नाही म्हणे. एकटीच गेले म्हणते."

मी पोळीचा तुकडा भाजीत बुडवला आणि खाल्ला.

त्या वर्षी गणपतीच्या जेवणाचा हिशोब काकूंऐवजी दुसऱ्या कुणाला दिला. त्या आल्या, मागच्या रांगेत बसल्या. मी लांबून नमस्कार केला. नोकरी धरल्यापासून तीन वर्षांनी मी इन्स्पेक्टर झाले, तेव्हा घरी खरं सांगितलं. आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, पगार किती. एवढंच झालं. ज्याला घाबरून मी काकूंना टाकलं होतं, ते एवढंच होतं. तरीही काकूंचं नाव मी घेतलं नाही. आता उशीर झालाय, असं स्वतःला सांगितलं.

नव्वदच्या दशकात, मी ती नोकरी सोडल्यावर, काका हृदयविकाराने गेले. तेरा दिवस झाल्यानंतर मी एकटी काकूंकडे गेले. त्या बारीक झाल्या होत्या. चहा पुढे ठेवला. मी कपाला हात न लावता सगळं बोलले: ओळखत नाही म्हटलं ते, भाषा येत नाही म्हटलं ते, जेवताना गप्प बसले ते.

काकूंनी मधे एकदाही अडवलं नाही. मग म्हणाल्या, "तिथे तू दुसरं काय करणार होतीस? नोकरी गेली असती. ते मी त्याच क्षणी सोडून दिलं."

"पण काकू..."

"दुसऱ्या दिवशी दुपारी मी चहाचं आधण ठेवलं होतं. वाटलं, येशील. रडत येशील, मग दोघी हसू. महिनाभर ठेवत होते. ह्यांनी बोलणं टाकलं होतं, मुलं लांब. तू दोन गल्ल्यांवर होतीस गं."

दर गुरुवारी येईन, असं मी त्यांना वचन दिलं.

पहिले दोन महिने एकही गुरुवार चुकवला नाही. मग नवी नोकरी लागली, पहिल्या मुलीच्या वेळी दिवस राहिले, आणि मी महिन्यातून एकदा जाऊ लागले, कधी तेही नाही. त्यांनी कधी विचारलं नाही. थोरला मुलगा त्यांना आपल्याकडे, उत्तरेला घेऊन गेला, ते मला त्यांनी घर सोडल्यावर दहा दिवसांनी आईकडून कळलं.