मामीनं मोडलेली सोयरीक

रक्त चढवून झालं की माझ्या भाच्याच्या तळहातांवर हळूहळू लाली उतरते. उन्हाळ्यातल्या सायंकाळी पश्चिमेच्या आभाळात उतरावी तशी, कुणाला न सांगता. चार वर्षांच्या आरुषला थॅलेसेमिया हे नाव ठाऊक नाही. दर काही आठवड्यांनी वारणानगरहून कोल्हापूरच्या दवाखान्यात यायचं, बाटलीतलं रक्त अंगात घ्यायचं आणि मग पुन्हा पळता येतं, एवढंच त्याचं शास्त्र. ती लाली बघत बसले की मन भरून येतं. ज्यांचं रक्त या लेकराच्या देहात वाहतं, त्या अनोळखी माणसांचे आभार मानायचे तरी कुठं?

आपल्या रक्ताचा मात्र आम्हांला भारी अभिमान. मामाच्या घरी मुलगी द्यायची ही आमच्याकडची रीत. त्यात माया आहे, विश्वास आहे, लेक परक्या उंबऱ्यात एकटी पडणार नाही ही आईबापाची निश्चिंती आहे. माझी थोरली बहीण, अक्का, अशीच मामाच्या थोरल्या मुलाला, संजयला दिली. आरुष आजारी निघाला तेव्हा मामी बोलून गेली, "आमच्या घराण्यात असलं काय न्हवतं. हिच्या पोटालाच काय तरी हाय." सासू झालेल्या मामीचं ते बोलणं अक्कानं गिळलं आणि त्या दिवसापासून ती मान खाली घालूनच चालू लागली.

अशा वेळी माझी माणसं काय करतात? दुसरी मुलगीही त्याच घरात देतात. शिरोलीच्या फाउंड्रीतून आलेले बाबा हातपाय धुता धुता म्हणाले, "धाकटीला महेशला दिऊया की. बहिणीला बहीण हुईल, पोराला मावशी मिळंल." महेश म्हणजे संजयचा धाकटा भाऊ. मी हो म्हटलं. आरुषसाठी म्हटलं, आणि महेश मला आवडत होता म्हणूनही म्हटलं. त्यात लपवायचं काय?

ही आनंदाची बातमी आईनं दवाखान्यातल्या सिस्टरांना सांगितली, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू थांबलं. लग्नाआधी दोघांचं रक्त तपासा आणि जनुकीय समुपदेशन करणाऱ्या मॅडमना भेटा, असं त्या म्हणाल्या. बाबा वैतागले, "पत्रिका जुळलीय की. आता रक्त कशाला?" पण मी हट्ट धरला. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. कॉलेजनं मला काय दिलं, असं कुणी विचारलं तर सांगेन, न समजलेली गोष्ट पुन्हा विचारायची लाज गेली.

तपासणी झाल्यावर दोन्ही घरं मॅडमसमोर बसली. त्यांनी सावकाश समजावलं. प्रत्येक गुणाची एक प्रत आईकडून मिळते, एक बापाकडून. या आजारात एक प्रत कमजोर असली तरी दुसरी निभावून नेते आणि माणूस जन्मभर धडधाकट राहतो. बाळाला दोन्हीकडून कमजोरच मिळाली, तर आरुषसारखं होतं. संजय आणि अक्का, दोघांकडेही एकेक तशी होती.

"म्हंजे माझ्या पोराकडनं पण आलं?" मामीनं विचारलं.

"दोघांकडूनही, काकू. घारे डोळे येतात तसं. यात कुणाचाच गुन्हा नाही."

अक्कानं मान वर केली. इतक्या वर्षांत प्रथमच मला तिचा चेहरा पुरता दिसला.

मग आमची पाळी. महेश आणि मी, दोघांतही तेच निघालं. प्रत्येक गरोदरपणात बाळ आरुषसारखं होण्याची चारांत एक शक्यता. पहिल्या काही महिन्यांत बाळाची तपासणी करता येते, पण त्यानंतरचा निर्णय सोपा नसतो. मी तेच प्रश्न फिरून फिरून विचारले आणि मॅडमनी प्रत्येक वेळी पहिल्यांदा विचारल्यासारखं उत्तर दिलं.

"मग करायचं का न्हाय, ते तुमीच सांगा की," बाबा म्हणाले.

"ते मी सांगणार नाही, काका. ठरवायचं या दोघांनी."

आमच्या घराण्यात पोरीच्या लग्नाचा निर्णय पोरीच्या हाती इतक्या सरळपणे कुणी कधी ठेवला होता? त्या एका वाक्यासाठी मी त्या बाईंची जन्माची ऋणी आहे.

बाहेर आवारात महेश माझ्याकडे बघत होता, मी जमिनीकडे. शेवटी मामीच बोलली. "पोरी, तू ह्या लेकरापायी आमच्यात याय निघालीस. त्याची मावशी हाईस, तेवढं बास. सून हुऊन दुसरं दुखणं पदरात घ्यायला नगं." मग अक्काकडं वळून हळूच म्हणाली, "आन् तुला मी लय बोलले गं."

मला वाईट वाटलं का? वाटलं. महेशलाही वाटलं. त्या रात्री फोनवर आम्ही दोघं बराच वेळ बोललो, आणि मोडूया असं आमचं आम्हीच ठरवलं.

पुढं महेशसाठी मुलगी बघायला गेलो, तेव्हा पोह्यांच्या बशा हातात यायच्या आतच मामीनं सुरुवात केली, "पावणं, आमच्या रक्तात हे असं हाय. लपवून सोयरीक करणार न्हाय. पोरीचं रक्त तपासा, मग फुडं बोलू." मामा धोतराचा सोगा चाळवत राहिले. मुलीचे वडील म्हणाले, "एवढं खरं बोलणारी सासू गावायची न्हाय. तपासूया की."

मुलीचा अहवाल स्वच्छ आला. महेशच्या लग्नात करवली मीच होते. मंगलाष्टकं संपत आली, अंतरपाट खाली येऊ लागला, तेव्हा माझी मूठ क्षणभर घट्ट मिटली. मग मी ती उघडली आणि अक्षता दोघांच्याही डोक्यावर टाकल्या.